आरतीचं तळघर

ओक ट्री रोडवर सिग्नल हिरवा झाला आणि राजाराम चौबळांनी गाडी हलवली नाही. मागच्याने हॉर्न दिला, त्याच्या मागच्याने दिला, आणि बघता बघता साड्यांच्या दुकानापासून मिठाईच्या दुकानापर्यंत सगळी रांगच वाजू लागली. न्यू जर्सीत इतरत्र लोक हॉर्न शिवीसारखा जपून वापरतात. एडिसनात पोचल्यावर तो पुन्हा श्वासासारखा येता-जाता होतो. राजारामांना सगळं ऐकू येत होतं, पण उजवा पाय ब्रेकवरून उठायला तयार नव्हता. त्याचं कारण शेजारच्या सीटवर बसलं होतं, मांडीवर दूर्वांची जुडी आणि मोदकांचा खोका घेऊन. त्यांची नात केया. तिने सिग्नल लाल असतानाच, खिडकीबाहेर बघत, अगदी सहज विचारलं होतं, "आजोबा, आपल्या आरतीचा बेस कुणी लिहिला?"

बेस म्हणजे तळातला सूर. त्यांच्या मंडळात गणपतीची आरती चार आवाजांत म्हणतात. वर नेहमीची चाल, तिच्याखाली बायकांचा दुसरा सूर, त्याखाली पुरुषांचा तिसरा, आणि सगळ्यांच्या खाली, फरशीखालून आल्यासारखा, चौथा. हा चौथा चाळीस वर्षं राजारामांकडे होता. या चाळीस वर्षांत लोकांनी पुष्कळ विचारलं होतं. ही पद्धत कुठली, कुणाकडची, देवाला चालते का. पण कुणी लिहिला, असं कुणी विचारलं नव्हतं. आरती कुणीतरी लिहिलेली असते हेच मुळी लोकांच्या ध्यानात नसतं. ती असतेच, दूध असतं तशी.

"जूनमध्ये पुण्याला गेले होते ना," केया सांगत होती, "आईच्या मावसबहिणीकडे वास्तुशांतीला. आरती सुरू झाली, मी माझा पार्ट लावला. फुल व्हॉइस! दुसऱ्या ओळीला सगळे गप्प, आणि माझ्याकडे बघतायत, लाइक आय बर्प्ड. एका काकांनी तर पाणी आणून दिलं."

"पुण्याच्या लोकांना पुण्याबाहेरचं काही माहीत नसतं," राजाराम म्हणाले. "आपली पद्धत कोकणातली. कुडवणची."

"कुडवण मॅपवर नाहीये."

"लहान गाव आहे."

"आजोबा, मॅपवर लोकांच्या म्हशींचे गोठेपण सापडतात. कुडवण नाहीये. आणि हा बेस कोकणातला नाहीच. कॉलेजमध्ये मी दोन वर्षं रशियन चर्च म्युझिक गायलंय. शेवटच्या ओळीला तुम्ही जसे खाली जाता ना, पायरीपायरीने, आणि वरचे सगळे जागच्या जागी थांबतात, ते त्यांचं आहे. सो. कुणी लिहिला?"

केया व्हर्जिनियात, हर्नडनच्या एका शाळेत मुलांना समूहगान शिकवायची. कोरियन, तेलुगू, साल्वाडोरची, जगभरची पोरं आधी एका सुरात आणायची आणि मग चार सुरांत फोडायची, हा तिचा धंदा. अशा मुलीला कुडवण आणखी किती वर्षं पुरणार होतं?

"अहो, हिरवा झालाय," मागच्या सीटवरून आसावरी म्हणाल्या. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कागद चुरगाळल्यासारखा झाला होता, पण त्यातली धार डॉक्टरांना काढता आली नव्हती. "एक तर गाडी चालवा, नाहीतर खरं सांगा. दोन्ही जमत नसेल तर उतरा, मी चालवते."

राजारामांनी गाडी चालवली. खोटं बोलण्याची त्यांना लाज नव्हती. ते आयुष्यभर पूल बांधणाऱ्या खात्यात होते आणि पूल सोडून बाकी सगळ्या बाबतीत कल्पनाशक्ती वापरावी, असं त्यांचं मत होतं. अडचण वेगळी होती. नेमकं आजच हे विचारायला नको होतं. मंडळाचा नवा सांस्कृतिक सचिव अर्णव, नागपूरचा, कामाचा मुलगा, त्यांना परवाच फोनवर म्हणाला होता, "काका, नवीन लोकं विचारून राहिले की आपली आरती चर्चसारखी काऊन वाटते म्हणून. व्हिडिओ टाकला की खाली कमेंट्स येतात. त्यांना आपली साधी, ओरिजिनल चाल पाहिजे, ढोलासोबत. तुम्ही असं करा, त्या दिवशी आरतीआधी माइकवर दोन मिनिटं सांगा, ही परंपरा कुठली ते. मग हात वर करायला लावू. लोकं म्हणतील तसं." म्हणजे आज दुपारी एका शाळेच्या भाड्याच्या सभागृहात दोन-तीनशे हात ठरवणार होते की उद्यापासून तो सूर या जगात असेल की नसेल. कारण तो दुसरीकडे कुठेच नव्हता. हे राजारामांना आणि आसावरींना ठाऊक होतं.

तो सूर त्यांच्या घरात आला तो पियानो दुरुस्त करायच्या निमित्ताने. एक्क्याऐंशी की ब्याऐंशी साली आसावरींनी कुणा अमेरिकन म्हातारीच्या घरासमोर मांडलेल्या जुन्या सामानातून एक पियानो उचलून आणला होता, लेक विनीता शिकेल म्हणून. विनीता शिकली नाही ती नाहीच. ती आता टेक्ससमध्ये लोकांची गुडघेदुखी बघते. पियानो तळघरात ठेवला, आणि तिथल्या दमटपणाने त्याचे सूर असे सुटले की एक पट्टी दाबली की तिघी-चौघी ओरडायच्या. मग कुणीतरी सांगितलं, एक रशियन म्हातारा आहे, स्वस्तात सूर लावून देतो. तो आला तेव्हा गणपतीचे दिवस होते आणि वरती बारा मराठी माणसं आरती म्हणत होती. इग्नाती फोमिच तुलुपोव्ह. उंच, घाऱ्या डोळ्यांचा, गोरापान. काळी टोपी घातली असती तर रत्नागिरीतला पेन्शनर म्हणून खपला असता. आरती संपली तेव्हा तो तळघराच्या जिन्यात उभा होता, हातात तारा आवळायची किल्ली, चेहरा पोटात कळ आल्यासारखा. "तुम्ही बारा माणसं," तो त्याच्या दगडधोंड्यांच्या इंग्रजीत म्हणाला, "आणि चाल एकच. आमच्याकडे याला गरिबी म्हणतात." आसावरींना राग आला. आरतीला चाल एकच असते, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, "छप्पर आहे, मॅडम. सुंदर छप्पर आहे. पण घर कुठाय?" राजाराम सिव्हिल इंजिनियर. छपराखाली घर नसणं त्यांना एकदम पटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना संगीतातलं काहीतरी कळल्यासारखं वाटलं.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. पियानो कधीचाच सुरात आला होता, पण त्याने झाकण बंद केलं नाही. त्याला कुठलीही चाल एकटी सोडवत नसे. एखाद्या बाईला अंधाऱ्या रस्त्याने एकटी जाऊ देऊ नये तसं तो तिच्या मागेपुढे तीन सूर सोबतीला द्यायचा. राजारामांना त्याने छातीच्या मधल्या हाडावर अंगठा दाबून बेस शिकवला. इथून, म्हणायचा, तोंडातून नाही. तोंड जेवायला दिलंय. आणि डोकं पियानोत खुपसून काम करता करता तो स्वतःचं आयुष्य सांगायचा, त्यामुळे ते राजारामांना नेहमी किंचित घुमत, तारांमधून आल्यासारखं ऐकू आलं. बाप व्होल्गाकाठच्या गावात चर्चमधला गायक, त्याचा खर्ज असा की तो लागला की समोरच्या मेणबत्त्यांच्या ज्योती वाकायच्या आणि पहिल्या रांगेतल्या बायकांच्या दातांत शिवशिवायचं. पोरगा राजधानीत संगीत शिकला. तिशीच्या आत सिम्फनी लिहिली. ती एकदाच वाजली, इतक्या थंडीत की बासरीवाल्याचा ओठ बासरीला चिकटला आणि शेवटचा स्वर ठरल्यापेक्षा बराच लांबला. श्रोत्यांना तेवढाच आवडला. अठ्ठेचाळीस साली वर्तमानपत्रात लोकांना न कळणारं संगीत लिहिणाऱ्यांची नावं आली, त्यात शेवटून दुसरं त्याचं. त्याचं नाव छापून आलं ते तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं. त्यानंतर त्याला मध्य आशियातल्या एका डोंगराळ प्रांतात पाठवलं. तिथे सरकारला प्रत्येक प्रांतामागे एक धरण, एक विद्यापीठ आणि एक ऑपेरा हवा होता. धरणाला माणसं मिळाली होती. मेंढपाळांची गाणी होती, पण एकेरी, छप्परच नुसतं. खाली घर बांधायला तुलुपोव्ह. याकांच्या पाठीवरून पियानो खिंडीपलीकडे नेला तेव्हा गारठ्याने तारा अशा आवळल्या की तो रात्रभर आपोआप वाजत राहिला आणि मेंढपाळांनी त्याला मेंढा कापला. ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात नायकाचा घोडा खराखुरा होता. नायकाला वरचा स्वर लागेना, तो घोड्याने लावला. दुसऱ्या दिवशी घोड्याचं नाव पेपरात होतं, नायकाचं होतं, आणि संगीतकार म्हणून एका स्थानिक कॉम्रेडचं होतं, जो पुढे मंत्री झाला. तुलुपोव्हचं नाव पगारपत्रकात. असे त्याने तीन ऑपेरा लिहिले. कधी पाच.

हे सगळं खरं होतं का? राजारामांनी तुलुपोव्ह गेल्यावर हा प्रश्न फार वर्षं पाळला, मांजरासारखा. अधूनमधून दिसायचा नाही, पण घरातच असायचा. आधी लायब्ररीत शोधलं, मग कॉम्प्युटरवर, मग फोनवर, नाव जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी. काही नाही. सिम्फनी नाही, ऑपेरा नाही, मंत्री झालेला कॉम्रेड नाही. घोडासुद्धा नाही. त्याची एक मुलगी होती, ती अंत्यविधीनंतर पश्चिमेकडे कुठेशी निघून गेली. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, पप्पा गोष्टी सांगायचे, आणि खांदे उडवले. थापाड्याला थापाड्या ओळखू येतो असं म्हणतात. राजारामांना आला नव्हता. रस्त्याने जाताना, दाढी करताना, एकदा तर एका पुलाच्या उद्घाटनात गव्हर्नर बोलत असताना त्यांच्या मनात आलं होतं की हा माणूस कदाचित नुसताच पियानो लावणारा असेल, जन्मभर, आणि बाकी सगळं तारांमधून आलेलं असेल. मग ते मनातल्या मनात आरतीच्या शेवटच्या ओळीचा बेस म्हणून बघत. पायरीपायरीने खाली. नाही, हे कुठल्याही दुरुस्तीवाल्याला सुचणारं नव्हतं. हा माणूस संगीतकार होता याचा जगात एकच पुरावा उरला होता आणि तो एका निवृत्त इंजिनियरच्या घशात होता, ज्याला आता वर्षातून दोनदा खोकला व्हायचा.

शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी थांबली तरी कुणी उतरलं नाही. बाहेर नऊवारीतल्या मुली फोनसमोर फुगड्या घालत होत्या, एकीच्या पायात स्नीकर्स.

"इग्नाती तुलुपोव्ह," आसावरी मागून म्हणाल्या. "आपला पियानो लावायला यायचा. त्याने लिहिला. हे सांगणार नाहीत, मीच सांगते."

केयाने मान वळवून आधी आजीकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "वेट. एक रिअल कंपोझर? तळघरात? आणि त्याचं नाव कुठेच नाही? मंडळाच्या पुस्तिकेत कुडवण छापलंय, आजोबा! खाडी आणि दोन तीर आणि काय काय!"

"ते मी केलं," राजाराम म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, तो त्यांना लपवता आला नाही. चौऱ्याऐंशी साली मंडळाचा पहिला सार्वजनिक गणपती एका चर्चच्या हॉलमध्ये झाला. पूजा सांगायला फिलाडेल्फियाहून जोगळेकर यायचे, ते आठवडाभर दातांचे डॉक्टर आणि शनिवार-रविवार पुरोहित. चार आवाजांतली आरती ऐकून ते ताडकन म्हणाले, "हे काय ख्रिस्तावासारखं? बंद करा." आसावरी, नीला, कुमार आणि राजाराम, महिनाभर तालीम केलेले चौघे, उघड्या तोंडाने उभे. आणि राजारामांनी विचार करायच्या आधी त्यांचं तोंड बोललं. "डॉक्टर, ही कुडवणची पद्धत. गाव खाडीच्या दोन तीरांवर, गणपती एक. भाद्रपदात खाडी इतकी चढते की होडी घालता येत नाही. मग अर्धं गाव या तीरावर, अर्धं त्या तीरावर, आणि वाऱ्यावर चाल पोचत नाही म्हणून जाड आवाजाचे लोक खालून धरतात." जोगळेकरांचे डोळे पाणावले. त्यांचं आजोळ कोकणातलं. आपल्या लहानपणी आपण असं ऐकलंय, असं ते आरती संपायच्या आत म्हणाले. तुलुपोव्ह मागे चपलांच्या ढिगाजवळ उभा होता. काय झालं ते राजारामांनी त्याला समजावून सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की त्याला भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. "छान केलंस. नाव आलं की मागून चौकशी येते." मग हसणं थांबलं आणि तो जे म्हणाला ते राजारामांनी आसावरींनाही सांगितलं नव्हतं. म्हणाला, "माझं संगीत आजपर्यंत ज्यांनी गायलं त्यांना एक तर पगार होता नाहीतर हुकूम. आज पहिल्यांदा फुकट ऐकलं."

"ते तेव्हाचं झालं," केया म्हणाली. "तेव्हा कोल्ड वॉर असेल, भीती असेल, फाइन. आता काय? माझी मुलं कुणाचं गाणं गातात तर पेपरवर त्याचं नाव असतं. फोक साँग असेल तरी कुठल्या बाईकडून ऐकलं ते असतं. हे चोरी आहे, आजोबा. नाइस चोरी, बट स्टिल."

"आज नाव घेतलं की हात खाली राहतील. रशियन माणसाची आरती! आजकाल तर विचारायलाच नको. उद्यापासून ढोल."

"मे बी. पण खरं तर असेल."

"खरं असेल आणि गाणं नसेल."

"तुम्ही सांगा. नाहीतर मी माइकवर जाते." ती गंभीर होती. तिच्या आईचा गुडघ्यांचं निदान करतानाचा चेहरा तिच्या चेहऱ्यावर आला होता. "आणि आजीचा पार्ट, तो दुसरा सूर, आज मीच गाणार आहे. मी खोट्यासाठी चार तास ड्राइव्ह करून नाही आले."

राजाराम उतरले. गुडघ्यांनी आपली हजेरी लावली. पार्किंगपासून दारापर्यंत त्यांना जी अस्वस्थता जाणवत होती ती भीतीची नव्हती. भीती त्यांना ओळखीची होती, ती पोटात असते. ही छातीच्या मधल्या हाडावर होती, अंगठ्याएवढी. तुलुपोव्हला नाव नको होतं हे खरं, पण माणूस नको म्हणतो ते नेहमी नकोच असतं का? शेवटच्या आजारात, हॉस्पिटलात, नर्स दर वेळी त्याचं नाव मोडूनतोडून घ्यायची आणि तो दर वेळी, नाकात नळी असताना, ते तिच्याकडून नीट म्हणून घ्यायचा. तु-लु-पोव्ह. ज्याला नाव नको तो असं करतो का? आणि दुसरीकडे तीच आरती, वर्षातून एकदा, फुकट. दोन्ही एकदम द्यायची सोय असती तर त्यांनी कधीच दिली असती. पूल दोन्ही काठांवर टेकतो म्हणून पूल असतो. इथे एकच काठ धरता येत होता.

आत उदबत्ती, साबुदाणा वडा आणि जिमच्या फरशीचं पॉलिश असा तिहेरी वास होता. बास्केटबॉलच्या जाळीखाली गणपती. पहिल्या रांगेत नीलाताई वॉकर पुढ्यात घेऊन बसल्या होत्या, चौघांतल्या सगळ्यात मोठ्या, वरच्या सुराच्या मालकीण. कुमार गेल्यापासून मूळच्या चौघांतले तिघे उरले होते, आणि त्यांतही आवाज फक्त दोघांचा. अर्णव कुर्त्यात घामाघूम होऊन पुढे आला. "काका, बरं झालं आले. दोनच मिनिटं हां. मागच्या वर्षीसारखं हडसन नदीतली मगर वगैरे नको."

"सुसर होती."

"सुसरपण नको काका, प्लीज."

राजाराम माइकसमोर उभे राहिले. समोर तीन पिढ्या. मागच्या भिंतीला टेकून आयटीतली नवी मंडळी, कडेवर मुलं, हातात फोन. केया व्यासपीठाच्या पायरीशी हाताची घडी घालून उभी. त्यांनी ठरवलं होतं असं नाही. तोंड उघडलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीप्रमाणे खाडी बाहेर येईल अशी त्यांची अपेक्षा होती. पण आलं ते दुसरंच. "ही पद्धत कोकणातली नाही," ते म्हणाले. "कुडवण नावाचं गाव नाही, ते मी बनवलं. हे तीन सूर एका रशियन संगीतकाराने लिहिले. त्याचं नाव इग्नाती फोमिच तुलुपोव्ह. तो आमच्या तळघरात पियानो लावायला यायचा. त्याने आम्हा चौघांना शिकवलं. एवढंच." ते इतकं थोडक्यात संपलं याचं त्यांनाच नवल वाटलं. खऱ्याला लांबी नसते, हे त्यांच्या धंद्यात कधी कळलं नव्हतं.

 मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसू पुढे पुढे येत पहिल्या रांगेपर्यंत पोचलं. "चौबळकाका, कमाल आहे तुमची!" "यार, या वर्षी थेट रशिया!" "पुढल्या वर्षी चंद्रावरून आणतील आरती!" एका बाईंनी डोळे पुसले. टाळ्यासुद्धा पडल्या. अर्णव कपाळाला हात लावून उभा राहिला. राजाराम म्हणत राहिले, "अहो, खरंच सांगतोय," आणि ते वाक्य तर इतकं ओळखीचं होतं की हसू दुप्पट झालं.

तेवढ्यात नीलाताईंनी वॉकर फरशीवर आपटला. एकदाच. सभागृह गप्प झालं. त्या या मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष, आणि निवृत्त होईपर्यंत एका मोठ्या हॉस्पिटलच्या भूलतज्ज्ञ, त्यामुळे माणसं गप्प करायची त्यांना सवय होती. आता त्या सांगतील, राजारामांना वाटलं. त्या तालमीला होत्या. त्यांच्या एका चुकीच्या स्वरावर तुलुपोव्ह पियानोवर कोपर ठेवून ओरडला होता, आणि त्या रडल्या होत्या. त्यांना सगळं माहीत आहे.

"राजाभाऊ, थट्टेला काही सीमा?" नीलाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज थरथरत होता, पण वयाने, रागाने नाही. "देवासमोर तरी? ही आरती माझी आजी म्हणायची. आजी वरचा सूर, आजोबा खालचा. समईच्या उजेडात, मी तिच्या मांडीवर. झोपेत ऐकलेलं माणूस विसरत नाही."

राजारामांनी माइक बाजूला धरून, खाली वाकून विचारलं, "नीलाताई, तुमची आजी कुठली?"

"कुडवणची," त्या म्हणाल्या. "विसरलात काय?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. राजारामांनी आयुष्यात इतकं खोटं जवळून हाताळलं होतं की हे खोटं नाही हे त्यांना स्पर्शानेच कळलं. त्या नितळ डोळ्यांत एक समई होती, एक मांडी होती, बाहेर चढलेली खाडी होती, आणि पलीकडच्या तीरावरून येणारा जाड आवाज. चर्चच्या हॉलमध्ये एका दातांच्या डॉक्टरला गप्प करण्यासाठी त्यांनी घाईघाईत चार खांब रोवले होते; त्या गावात आता माणसं जन्मून, म्हातारी होऊन, मरूनही गेली होती. जी आजी कधी नव्हती ती या बाईला आता एकुलती एक उरली होती, कारण खरी आजी, ती जी कुणी असेल ती, कधीचीच पुसली गेली होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. साक्षीला आसावरी होत्या, हट्ट धरला असता तर निम्म्या लोकांनी तरी शेवटी मानलं असतं.

"मग झालं की!" अर्णव उत्साहाने म्हणाला. त्याने माइक जवळजवळ हिसकावूनच घेतला. "नीलामावशींच्या आजीपासून आहे म्हणजे शंभर वर्षांच्या वरचं झालं! याहून ओरिजिनल काय राहते? हात वर करायचं कामच नाही. काय लोकं?" लोकांनी तरीही हात वर केले, खुशीने, आणि मुलांनी दोन दोन.

केया पायरीशी उभी होती. तिने हाताची घडी सोडली होती. ती आजोबांकडे बघत होती, आणि त्या बघण्यात काय मागितलं जातंय हे कळायला मराठी-इंग्रजी काही लागत नव्हतं. अजून वेळ होता. माइक हाताच्या अंतरावर होता.

"नीलाताईंना माझ्यापेक्षा जास्त आठवतं," राजाराम म्हणाले. हे त्यांनी माइकशिवाय म्हटलं, पण केयाला ऐकू गेलं.

"यू गेव्ह हिम अवे," ती हळू म्हणाली.

"नाव घेतलं मी त्याचं. सगळ्यांसमोर."

"अँड देन यू गेव्ह हिम अवे."

आरतीची तबकं फिरली, टाळ निघाले. राजाराम आपल्या जागी, डावीकडे, खांबाजवळ जाऊन उभे राहिले. आसावरी खुर्चीत बसूनच ओठ हलवणार होत्या. तिसऱ्या सुराला कुमारने शिकवलेली दोन-तीन तरुण मंडळी होती. नीलाताईंनी बसल्या जागी चाल उचलली आणि सगळं सभागृह त्यांच्यामागे गेलं. पहिल्या कडव्यालाच राजारामांना भोक ऐकू आलं. केया तोंड मिटून उभी होती. लोकांच्या ते लक्षात आलं नसेल; गाणाऱ्याला ते वाऱ्यासारखं लागतं. वर चाल, खाली ते स्वतः, मधे तिसरा कसाबसा, आणि जिथे दुसरा सूर असायचा तिथे नुसती हवा. दुमजली घराचा एक मजला काढून घेतला तर वरचा खाली पडतो, पण सुरांच्या बाबतीत तो पडत नाही, तसाच लटकत राहतो, आणि ते जास्त वाईट. आसावरींनी एकदा चुरगाळल्या आवाजात प्रयत्न केला आणि खोकला आला. राजारामांनी ठरवलं, तिचं बरोबर आहे. तिने गायचं नाही तर नाही. ते बेस धरून राहिले, पगार नसताना, हुकूम नसताना धरून राहतात तसा, आणि छातीच्या हाडावरचा तो अंगठा तिथेच होता, ना हलका ना जड.

दुसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीला, बेस उतरायला सुरुवात होते तिथे, उघड्या पडलेल्या चालीखाली केयाचा आवाज आला. अर्धी मात्रा उशिरा, रागावलेला, पण स्वराला पक्का. वर्गात पोरांचा मोडलेला सूर रोज सांधणारी ती. तिला ते भोक फार वेळ बघवलं नसावं. राजारामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती थांबली असती. त्यांनी श्वास घेतला आणि खाली उतरले.